स्क्रीनवर पेपर तपासायला पहिल्यांदाच बसताय ना, मग हे वाचा

घाबरू नका, पण घाईही करू नका. २०१७ ला मुंबई विद्यापीठात ऑनस्क्रीन तपासणी सुरू झाली तेव्हा निकाल किती रखडले आणि पोरांचे पुढचे ॲडमिशन कसे लटकले ते आम्ही बघितलंय. स्कॅन केलेला पेपर शेवटच्या पानापर्यंत स्क्रोल करायचा म्हणजे करायचाच, माझ्याकडून एकदा पुरवणीतलं सात मार्कांचं उत्तर राहिलं, त्या मुलीला रिव्हॅल्युएशनला जावं लागलं, अजून वाईट वाटतं.

असाइनमेंट गूगल क्लासरूमवर असेल तर कमेंट बँक भरून ठेवा, कमेंट लिहिताना # टाकलं की जुन्या कमेंट येतात, टायपिंग वाचतं. पण नुसतं "उत्तर अपुरं" चिकटवू नका हो, त्यातून पोराला काय कळणार? "व्याख्या बरोबर, उदाहरण हवं होतं" एवढं लिहिलं तरी पुढच्या वेळी फरक दिसतो, खरंच दिसतो. मूडल (क्लासरूमसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) असेल तर मार्किंग वर्कफ्लो ऑन करा, म्हणजे तुम्ही रिलीज करेपर्यंत मार्क कोणाला दिसत नाहीत, नाहीतर निम्मे पेपर व्हायच्या आतच फोन सुरू होतात. आणि रुब्रिक, म्हणजे कशाला किती मार्क याचा तक्ता, तपासणीच्या आधी बनवा, पोरांनाही आधीच दाखवा.