अकरा डिस्क आणि बिनखाचेचं यंत्र

प्रश्न : माझ्या भावाकडे 'एक्सबॉक्स वन एस' हे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र होतं. ते बंद पडल्यावर भाच्यानं त्याच्या ११ डिस्क माझ्या मुलाला दिल्या. मुलाच्या वाढदिवसाला मी नाशिकमधल्या एका दुकानदाराला व्हॉट्सॲपवर डिस्कचा फोटो पाठवून विचारलं, "एस हवाय, या डिस्क चालतील ना?" उत्तर आलं, "चालतील मॅडम." ३६,५०० रुपये भरले. घरी खोकं उघडलं, तर यंत्राला डिस्क घालायची खाचच नाही. दुकानदार म्हणतो, नाव नीट वाचायचं होतं, विकलेला माल परत घेत नाही. मग पुण्यात शिकणाऱ्या भाच्याच्या एक्सबॉक्स खात्यावर माझ्या पैशांनी ७,२०० रुपयांचे गेम घेतले. महिनाभर दोघं आपापल्या घरी खेळले. आता दोघांचं बिनसलंय आणि आमच्याकडे ते गेम उघडत नाहीत. ओळखीचा एक मुलगा १,५०० रुपयांत 'चाळीस गेमवालं अकाउंट' देतो म्हणतो. मी काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रासोबतच्या बिलावर मालाचं वर्णन एवढंच आहे : 'एक्सबॉक्स एस ५१२ जीबी'. या नावाचं यंत्र एक्सबॉक्स बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीनं कधी काढलंच नाही. २०१६ साली आला तो 'वन एस', त्यात डिस्क जाते. नोव्हेंबर २०२० मध्ये आला तो 'सिरीज एस', त्यात जात नाही. तुमच्या गळ्यात पडला तो हा दुसरा. याच घराण्यात 'वन एक्स' आणि 'सिरीज एक्स' अशी आणखी एक जोडी आहे. बारशाला आत्या कोण होती देवाला ठाऊक, पण नावं समजली नाहीत म्हणून तुम्ही बावळट ठरत नाही. माझ्याच मुलानं मला हा फरक दोनदा समजावून सांगितला आहे.

तरीही नाव गोंधळाचं आहे म्हणून कंपनीवर दावा ठोकू नका. सिरीज एस संपूर्ण डिजिटल आहे हे कंपनी उघड सांगते, त्यामुळे तिच्याविरुद्ध फसवणूक शाबीत करणं जड जाईल. तुमची केस उभी आहे ती "चालतील मॅडम" या दोन शब्दांवर. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. माल अमुक दर्जाचा किंवा अमुक मॉडेलचा आहे असं खोटं सांगणं त्यात येतं, मग ते तोंडी असो, लेखी असो की मोबाइलवर. तुम्ही डिस्कचा फोटो दाखवून नेमका प्रश्न विचारला, त्यानं नेमकं चुकीचं उत्तर दिलं. 'विकलेला माल परत नाही' ही पाटी मनात बदल झालेल्या गिऱ्हाइकासाठी असेल. खोटं सांगून विकलेल्या मालाला तिचं कवच मिळत नाही.

एक सावधगिरी. यंत्र 'सदोष' आहे असं तक्रारीत लिहू नका. ते बिघडलेलं नाही, आणि समोरचा वकील तेवढंच धरून बसेल. तुमचं म्हणणं एवढंच ठेवा की जे सांगून विकलं ते हे नव्हे.

व्हॉट्सॲपचं संभाषण पुसू नका, फोन बदलणार असाल तर जुना फोन जपून ठेवा. छापील प्रत जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागू शकतं, ते वकिलाकडून करून घ्या. मुलानं यंत्र किती वापरलं हेही मला प्रामाणिकपणे कळवा. महिनाभर त्यावर गेम खेळले गेले आहेत, तेव्हा पूर्ण रक्कम मागताना ग्राहक आयोग थोडी घट धरू शकतो.

आधी दुकानदाराला पोचपावतीसह स्पीड पोस्टानं नोटीस द्या, १५ दिवसांची मुदत ठेवा. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा; पुष्कळदा प्रकरण तिथंच मिटतं. नाही मिटलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्यानं फी नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. दुकान दुसऱ्या गावात असतं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाद मागता आली असती, ही या कायद्याची मोठी सोय आहे.

आता भाच्याचं प्रकरण. इथे मात्र तुमची बाजू लंगडी आहे. डिस्क ही वस्तू आहे. त्या ११ डिस्क भाच्यानं तुमच्या मुलाच्या हातात दिल्या, त्याला कुणाची परवानगी लागली नाही. खात्यावर घेतलेला गेम म्हणजे मात्र नुसता खेळण्याचा परवाना आहे, आणि तो खातेदाराच्या नावावर आहे. पैसे तुमच्या यूपीआयमधून गेले तरी कंपनीच्या लेखी ग्राहक भाचाच, आणि नियमांनुसार खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल दुकानांना सांगितलंय की मालकी मिळत नसेल तर 'खरेदी करा' म्हणताना हा परवाना आहे हे स्पष्ट दाखवा. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही.

गंमत म्हणजे याच कंपनीनं २०१३ साली 'एक्सबॉक्स वन' जाहीर करताना डिस्क उसनी देण्यावरही बंधनं घालायचं ठरवलं होतं आणि यंत्राला दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावायला लावणार होती. लोक इतके चिडले की १९ जूनला, यंत्र बाजारात यायच्या आधीच, तिनं ते मागे घेतलं. पुढे डिस्कची खाचच काढून टाकली की तो प्रश्नच उरत नाही, हे वेगळं सांगायला नको.

तुमच्याकडे गेम का बंद झाले, तर भाच्यानं त्याच्या खात्याचं 'होम एक्सबॉक्स', म्हणजे ते खातं ज्याला घरचं मानतं ते यंत्र, बदललं असणार. आधी ते तुमचं यंत्र होतं, म्हणून तुमचा मुलगा स्वतःच्या खात्यावरून ते गेम खेळू शकत होता आणि भाचा पुण्यात स्वतःच्या लॉगिननं. ही निवड वर्षात पाचदाच बदलता येते, तेव्हा रागाच्या भरात त्यानं ती संपवण्याआधी बोलून घ्या. ग्राहक आयोग यात पडणार नाही, कारण भाचा व्यापारी नाही. दिवाणी दावा तांत्रिकदृष्ट्या होईल, पण ७,२०० रुपयांसाठी वकिलाची फी भरायची आणि पुढची भाऊबीज घालवायची हा हिशेब मला तरी पटत नाही. भावाला फोन करा. भाचा ऐकत नसेल तर निम्मे पैसे परत मागा. महिनाभर खेळलाय तोही.

चाळीस गेमवाल्या अकाउंटला हात लावू नका. ते खातं कुणाचं, हे विकणारा कधीच सांगत नाही. एकच खातं अनेकांना विकलेलं असतं, कधी पासवर्ड चोरलेला असतो. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तुम्हाला माहीत नव्हतं हे तुम्ही पटवून द्यालही, पण खातं बंद झाल्यावर १,५०० रुपये मागायला कुठे जाल? बिल तर मिळणार नाही. शिवाय दुकानदाराविरुद्ध तक्रार चालू असताना तुमच्या यंत्रावर असलं खातं निघालं, तर समोरच्याला आयतं हत्यार मिळेल.

नोटीस मिळाल्यावर दुकानदार बहुधा 'वरचे पैसे द्या, सिरीज एक्स नेऊन टाका' म्हणेल. फरक रास्त असेल तर मान्य करा, डिस्क त्यात चालतात. फक्त २०२४ पासून सिरीज एक्सचाही एक प्रकार डिस्कविना निघतो. तेव्हा जाताना अकरातली एक डिस्क पर्समध्ये ठेवा, दुकानातच खोकं उघडायला लावा, यंत्र चालू करून डिस्क स्वतःच्या हातानं आत घाला, आणि नव्या बिलावर यंत्राचं पूर्ण नाव लिहून घ्या.