वाचकांचे प्रश्न : गिटार, दरबुका आणि दोन भाषा

प्रश्न : गायक रशीद ताहा यांचा २००४ सालचा ‘तेकितुआ’ हा अल्बम नुकताच ऐकला. इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स आहेत म्हणून त्याला रॉक म्हणावे, तर मध्येच अरबी वळणाचे स्वर आणि हाताने वाजवायची तालवाद्ये येतात. शब्द कधी फ्रेंच, कधी अरबी. हे मिश्रण केवळ नावीन्यासाठी केले आहे का? आणि दोन्ही भाषा न येणाऱ्याने ते कसे ऐकावे?
— एक वाचक, लालबाग, मुंबई

उत्तर : केवळ नावीन्यासाठी ते नक्कीच नाही. ताहा यांचा जन्म १९५८ मध्ये अल्जीरियातील ओरानजवळच्या सिग या गावी झाला आणि वयाच्या दहाव्या वर्षी ते कुटुंबासह फ्रान्सला आले. पुढे लियाँमध्ये कारखान्यात काम करत असताना, १९८१ च्या सुमारास, त्यांनी आपल्यासारख्याच स्थलांतरित तरुणांबरोबर ‘कार्त द सेजूर’, म्हणजे ‘निवास परवाना’, या नावाचा रॉक गट उभा केला. आपण लालबागचे आहात, त्यामुळे गिरणगावातील शाहिरांची परंपरा आपल्याला सांगायला नको. पाळीवरून सुटलेल्या माणसाने डफ हाती घेऊन आपल्या वस्तीचे म्हणणे मांडावे, तसेच या तरुणांनी गिटार हाती घेऊन मांडले.

आपण ज्याला अरबी वळण म्हणता, ते पुष्कळदा कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार यांच्यामधील मोठ्या अंतरातून निर्माण होते आणि भैरव ऐकलेल्या कानाला ते परके वाटत नाही. मात्र इजिप्त किंवा सीरियाकडील मकामांमध्ये, म्हणजे आपल्या रागांसारख्या स्वररचनांमध्ये, पाश्चात्त्य बारा स्वरांच्या चौकटीत न बसणारे मधले स्वर वारंवार लागतात आणि गिटारच्या ठरलेल्या पडद्यांवर ते सरळ निघत नाहीत. अल्जीरियाच्या अंदलुसी, म्हणजे मध्ययुगीन मुस्लिम स्पेनमधून आलेल्या अभिजात संगीताच्या, परंपरेत आणि तिच्यातून अल्जिअर्स शहरात घडलेल्या ‘शाबी’ संगीतात असे स्वर सहसा नसतात. माझ्या मते या अल्बमचे खरे बळ इथे आहे : गिटारला सामावून घेण्यासाठी मूळ चालीला आपला स्वभाव सोडावा लागत नाही. निर्माते आणि गिटारवादक स्टीव्ह हिलेज यांनी गिटार कर्कश ठेवली आहे, तरीही हकीम हमादूश यांचे ऊद या अरबी तंतुवाद्याच्या जातकुळीतील वाद्य तिच्याखाली दबत नाही. दरबुका या हाताने वाजवायच्या तालवाद्याचे बोल ड्रम्सच्या ठोक्यांमधील जागा भरतात, त्यामुळे ताल जड न होता पुढे रेटला जातो.

भाषांची निवडही विचारपूर्वक केलेली आहे. शीर्षकगीतात ताहा फ्रेंच गायक क्रिस्तियाँ ऑलिव्हिए यांच्याबरोबर फ्रेंच समाजाशी थेट हुज्जत घालतात, तर ‘हसबूहूम’मध्ये खोटारड्यांना, चोरांना आणि जुलूम करणाऱ्यांना जाब विचारण्याचे आवाहन ते अरबीत करतात.

याच अल्बममधील ‘रॉक एल कस्बा’ मात्र सर्वाधिक लक्षपूर्वक ऐकावे. मूळ गीत ‘द क्लॅश’ या ब्रिटिश गटाचे, १९८२ सालचे. संगीतावर बंदी घालणारा राजा आणि ती न जुमानणारी प्रजा हा त्याचा विषय. लंडनच्या गटाने ती गोष्ट दुरून, काहीशा गमतीने सांगितली होती. ताहा ती अरबीत गातात तेव्हा तिचा अर्थ बदलतो, कारण अल्जीरियातील यादवीच्या काळात, १९९४ मध्ये, ‘राय’ या अल्जीरियन गायनप्रकारातील लोकप्रिय गायक शेब हस्नी यांची ओरानमध्ये गोळ्या घालून हत्या झाली होती. गाण्यावरची बंदी ही त्या देशात कल्पित कथा राहिली नव्हती, आणि म्हणूनच या आवाजातील खरखर मला अत्यंत मोलाची वाटते.

भाषा येत नसल्याची चिंता करू नये, पण अर्थाची उपेक्षाही करू नये. प्रथम ताहा यांचा १९९८ चा ‘दिवान’ ऐकावा. त्यात दहमान एल हर्राशी यांचे ‘या रायाह’ हे घर सोडून निघालेल्या माणसाविषयीचे गीत आहे आणि तिथे मूळ चाली अधिक स्पष्ट कानी पडतात. त्यानंतर गीतांचे भाषांतर समोर ठेवून ‘तेकितुआ’कडे वळावे, म्हणजे कोणती ओळ कोणाला उद्देशून आहे हे उमगेल आणि गिटार नेमकी कुठे चढा सूर लावते, हेही जाणवेल.