खरा जुना बेस शोधावा की जुन्या धाटणीचा नवा घ्यावा?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात राहता, लाखभर रुपये साठवलेत आणि साठच्या दशकातल्या रेकॉर्डवर ऐकू येतो तसा इलेक्ट्रिक बेस, म्हणजे खर्जात वाजणारी चार तारांची गिटार, हवाय. खरा जुना शोधावा का? आणि एकाहून जास्त बेस जमवण्यात काही अर्थ आहे का?

नवा घ्या. मी अठरा वर्षं बेस वाजवते, बहुतेक वेळ जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात. घरात तीन बेस आहेत, तिन्ही जुन्या धाटणीचे, तिन्ही नव्या बनावटीचे. साठच्या दशकातला अस्सल फेंडर, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकन कंपनीचा बेस, लाखभरात येत नाही. कुणी देतो म्हणालं तर त्यातलं काहीतरी नक्की बदललेलं असतं.

तुम्हाला हवा असलेला आवाज लाकडाच्या वयात कमी आणि तारांत जास्त आहे. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला. त्यावर तेव्हा लागायच्या त्या फ्लॅटवाउंड तारा: चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या, बोटाला काचेसारख्या गुळगुळीत. आज दुकानातल्या बहुतेक बेसवर राउंडवाउंड असतात, त्यांचा आवाज झणझणीत. तंबोऱ्याच्या भाषेत सांगायचं तर राउंडवाउंड म्हणजे खुली जवारी आणि फ्लॅटवाउंड म्हणजे बंद जवारी. मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डवर वाजवणारा जेम्स जेमरसन १९६२च्या प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड लावायचा, उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीनं वाजवायचा आणि तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही. त्या काळी फेंडरच्या ब्रिजवर, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवर, क्रोमचं झाकण असायचं आणि त्याच्या आतून फोमचा तुकडा तारांवर टेकलेला असायचा. मी भांडी घासायचा कोरा स्पंज बोटभर रुंद कापून ब्रिजजवळ तारांखाली सरकवते आणि टोनची खुंटी निम्म्याहून खाली आणते. मग डग्ग्यासारखा घुमारा मिळतो, ठोका भरदार आणि लगेच विरणारा. फ्लॅटवाउंड महाग पडतात, पहिले काही आठवडे ताठरही वाटतात, पण वर्षानुवर्षं टिकतात आणि मुरतात. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, तारांत नको.

आता माझी चूक सांगते. सात वर्षांपूर्वी मी एक बेस ‘सत्तरच्या दशकातला’ म्हणून विकत घेतला. विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, आतून उघडून पाहिलंच नाही. घरी आणल्यावर कंट्रोल प्लेट काढली, तेव्हा आतल्या पॉटवर, म्हणजे खुंटीखालच्या व्हॉल्यूम-टोनच्या भागावर, छापलेला आकडा १३७ ने सुरू होत होता आणि पुढचे दोन अंक होते ८८. १३७ हा सीटीएस या कंपनीचा क्रमांक, त्यापुढे साल आणि मग आठवडा. समजा १३७६६२२ असेल, तर १९६६ सालचा बाविसावा आठवडा. पॉट मागाहून बदललेला असू शकतो हे खरं, पण माझ्या बेसमध्ये सगळे जोड मूळचे दिसत होते आणि नेकच्या, म्हणजे बेसच्या मानेच्या, धडाला जोडलेल्या टाचेवरचा तारखेचा शिक्का खरवडून काढलेला होता. पैसे गेलेच, पण वाईट जास्त याचं वाटलं की तो बेस मला खरंच आवडला होता. परदेशात जुना बेस घेणार असाल तर विकणाऱ्याकडून पॉट आणि नेकची टाच यांचे फोटो मागा. तो टाळाटाळ करू लागला तर सोडून द्या.

परदेशातून आणण्यात आणखी एक अडचण आहे. फेंडरनं १९५९ पासून रोझवूडचे फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवर बोटं ठेवायच्या पट्ट्या, लावले, सुरुवातीला ते ब्राझीलच्या रोझवूडचे होते. ते झाड १९९२ पासून साइटिस या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे, त्यामुळे असं वाद्य सीमेपार न्यायला परवाने लागतात. पुढे कंपन्या भारतीय रोझवूडकडे वळल्या. ते म्हणजे आपलं शिसव, वाड्यातल्या जुन्या कपाटांचं लाकूड. माझ्या प्रिसिजनचा फ्रेटबोर्ड त्याच जातीचा आहे आणि त्यावर बोट ठेवलं की मला आजोळचा माजघर आठवतो.

पुण्यातल्या हवेचा विचार आधी करा. चार तारांचा मिळून ताण पाऊणशे किलोच्या आसपास असतो आणि नेक तो रात्रंदिवस झेलते. जुलैत माझ्या प्रिसिजनच्या तारा वर उचलल्या जातात, मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत खाली बसून फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खडखडतात, फ्रेटची टोकंही बोटाला लागायला लागतात. वर्षातून दोनदा ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई, पाव फेरा फिरवावा लागतो. हुबेहूब जुन्या पद्धतीच्या काही बेसमध्ये ट्रस रॉडचा स्क्रू नेकच्या टाचेकडे असतो, म्हणजे दर वेळी तारा सैल करून नेक सोडवावी लागते. तुम्हाला स्वतः जमणार नसेल तर हेडस्टॉकच्या, म्हणजे डोक्याकडच्या, टोकाला स्क्रू असलेला घ्या. आणि ओल येणाऱ्या भिंतीवर बेस टांगू नका.

विजेचंही बघा. फेंडरच्याच १९६०च्या जॅझ बेसच्या धाटणीत दोन सिंगल-कॉइल पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारे एकेरी वेटोळ्याचे चुंबक, असतात. दोन्हींचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा असला तर घूंऽ असा आवाज दबतो, एक कमी केला की परत येतो. आपली वीज ५० हर्ट्झची आणि सर्वांत जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी हा सूर ४९ हर्ट्झचा, त्यामुळे ती घूं थेट त्या सुराला खेटून बसते. १९५७ नंतरच्या प्रिसिजनचा दुभागलेला पिकअप ती स्वतःच मारतो. जुन्या वाड्यात किंवा इमारतीत राहत असाल तर तिसऱ्या पिनला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तेव्हाच थांबा.

जमवण्याबद्दल: साल बघून जमवू नका, हात बघून जमवा. प्रिसिजनची नेक रुंद, तो हाताला ठाम ठोका शिकवतो. जॅझची नटपाशी, म्हणजे डोक्याजवळच्या तारा टेकणाऱ्या पट्टीपाशी, साधारण ३८ मिलिमीटर, डाव्या हाताला धावायला मोकळीक. व्हायोलिनच्या आकाराचा, होफ्नर या जर्मन कंपनीच्या धाटणीचा बेस पोकळ, वजनाला हलका, त्याची स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, प्रिसिजनच्या ३४ इंचांऐवजी ३० इंच. आर. डी. बर्मन यांच्याकडे बेस वाजवणारे टोनी वाझ नीट ऐका, मग तुमच्या हाताला यातला कुठला हवा ते कळेल. पहिला एक वर्षभर वाजवा. दुसऱ्याची गरज खरी असेल तर वर्षानंतरही टिकेल.

दुकानात गेलात की अ‍ॅम्प लावायच्या आधी बेस तसाच मांडीवर घेऊन दहा मिनिटं वाजवा. नेकची पाठ, वजन, डोक्याकडून खाली झुकतो का, हे सगळं तेव्हाच कळतं. मग केबल लावा आणि फक्त तिसऱ्या फ्रेटवरचा तो जी धरून ठेवा.