बरं वाटतंय, तोच दिवस सांभाळा

प्रश्न : दोन वर्षं झाली, सतत थकवा आणि अंगदुखी. फायब्रोमायाल्जिया असल्याचं निदान झालंय, रक्ताचे रिपोर्ट मात्र नॉर्मल. जरा बरं वाटलं की मी साचलेली सगळी कामं उरकते आणि मग पुढचे तीन दिवस अंथरुणात. परदेशात हाताशी कुणी नाही. नवरा म्हणतो, "परवा तर ठणठणीत होतीस!"

उत्तर : ताई, रिपोर्ट नॉर्मल येणं अपेक्षितच आहे. फायब्रोमायाल्जिया रक्ततपासणीत दिसत नाही. त्या तपासण्या थायरॉइड, रक्तक्षय वगैरे नाहीत ना, हे बघायला करतात. घोळ आहे तो तुमच्या बऱ्या दिवसात. त्या दिवशी तुम्ही पुढच्या तीन दिवसांची ताकद उसनी घेता.

म्हणून थकल्यावर थांबायचं नाही, थकायच्या आधी थांबायचं. बोलायला सोपं, करायला भयंकर जड. अर्धवट झाडलेली खोली डोळ्यांत खुपते. खुपू दे. वीस मिनिटांचा गजर लावा, वाजला की हातातलं ठेवून पाठ टेका. मोबाइल बघत पडणं ही विश्रांती नव्हे. आणि ज्यांना आपण काम म्हणतच नाही, त्या गोष्टींकडे बघा. हात वर धरून, उभ्याने, गरम पाण्याखाली केस धुणं अशा आजारात फार दमवतं. न्हाणीघरात स्टूल ठेवा, केस धुवायच्या दिवशी दुसरं जड काम काढू नका. ओल्या कपड्यांची बादली नवऱ्याने उचलावी, घड्या तुम्ही बसून घाला.

दोन-तीन आठवडे वहीत रोज दोन ओळी लिहा : काय केलं, झोप कशी लागली, त्रास कधी वाढला. थोड्याशा श्रमानंतरही एक-दोन दिवसांनी तुम्ही कोसळत असाल, तर ही वही डॉक्टरांना दाखवून 'एमई/सीएफएस' हा श्रमानंतर बळावणारा दीर्घ थकव्याचा आजार आहे का, हे स्पष्ट विचारा. फरक महत्त्वाचा आहे. नुसत्या फायब्रोमायाल्जियात अगदी थोडं चालण्यापासून सुरू करून हळूहळू वाढवलेला व्यायाम उपयोगी पडतो. एमई/सीएफएसमध्ये तसा ठरवून वाढवत नेलेला व्यायाम देऊ नये, असं उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2021 मध्ये स्पष्ट केलं. 'जरा हिंडा-फिरा, बरं वाटेल' हा फोनवरचा सल्ला कितीही मायेचा असला, तरी डॉक्टरांकडून हे स्पष्ट होईपर्यंत बाजूला ठेवा.

नवऱ्याला ही वही वाचू द्या. ठणठणीत दिसलेला दिवस आणि नंतरचं अंथरूण एकाच पानावर दिसलं की वाद निम्मा मिटतो. मग "आज काय-काय झालं?" असं न विचारता "आता बसतेस का?" हे त्यांनी विचारायचं, तेही तुम्ही उत्साहात असाल तेव्हा.

कुणाकडे कार्यक्रम असेल तर आदला आणि नंतरचा दिवस रिकामा ठेवा, आणि तासाभराने निघणार हे यजमानांना बोलावणं येईल तेव्हाच सांगून टाका.