डाएट आणि परीक्षेचं टेन्शन सुरू झाल्यापासून केस गळताहेत, तुटताहेत. कोणतं तेल लावू?

तेलाचं नंतर बघू. तुम्ही लिहिलंय की उन्हाळ्यात वरण-भात-पोळी सोडून फक्त फळांवर राहिलात, वजन झपाट्यानं उतरलं, त्यात स्पर्धा परीक्षेची जागरणं; आणि केस मात्र आता, पावसाळ्यात गळताहेत. हे असंच होतं. उपासमारीचा किंवा ताणाचा धक्का बसला की वाढीच्या अवस्थेतले बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात.

मी नागपुरातच आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी आधी गळलेला केस नीट बघायला सांगते. टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला. गाठ नसलेले तुकडे म्हणजे तुटलेले केस. तिथं ओल्या केसांवरची फणी, घट्ट पोनीटेल, स्ट्रेटनर बघायचे. दिवसाला ५० ते १०० केस गळणं सर्वसाधारण आहे.

आता जेवण. वजनाच्या दर किलोला रोज किमान ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोला ४४ ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात, आणि मेसचं वरण किती पातळ असतं हे तुम्हाला मी काय सांगू! त्यामुळे सोबत उकडलेली अंडी, फुटाणे, दही, मोड आलेली मटकी, झुणका ठेवाच. जवसाची चटणी जरूर खा, पण चमचाभर चटणीनं डाळीची भरपाई होत नाही. जेवणावर लिंबू पिळा, लोह चांगलं शोषलं जातं. जेवणानंतर लगेच चहा नको.

हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी१२ तपासून घ्या. त्याआधी बायोटिनच्या गोळ्या कृपा करून सुरू करू नका, त्यांनी थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. सुरू केल्या असतील तर डॉक्टरांना सांगा. गोल चट्टे पडले, भांग रुंदावत चालला किंवा पाळी अनियमित झाली, तर मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत लगेच दाखवा.

कारण दूर झालं की गळणं साधारण तीन ते सहा महिन्यांत थांबतं. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, तेव्हा दाटपणा दिसायला त्याहून वेळ लागेल. आणि तेल घरात असेल ते लावा, खोबरेल उत्तम. त्यानं तुटणं कमी होईल. मुळाला हवं ते जेवणातूनच मिळेल.