जपानला जायचंय, पण नुसते फोटो काढायला नाही: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की जपानबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. निम्मे प्रश्न व्हिसाचे आले, ते कृपा करून एजंटला विचारा. बाकीच्यांतले चार-पाच घेतेय.

आम्ही दोघं रिटायर्ड, सांगलीचे. दिवाळीनंतर दहा दिवस जातोय. टूरवाल्यांनी टोकियो, डिस्ने, फुजी, ओसाका असं सगळं दिलंय आणि क्योटो फक्त एक दिवस. आम्हाला इतिहासाची, देवळांची आवड. हे ठीक आहे का?

नाही हो काका, अजिबात ठीक नाही. क्योटो एका दिवसात म्हणजे पंढरपूरला जाऊन कळसाचं दर्शन घेऊन एसटी पकडण्यासारखं, चालतं, पण मन भरत नाही. सन ७९४ पासून १८६८ पर्यंत ते गाव राजधानी होतं, हजार वर्षांच्या वर. शक्य असेल तर डिस्ने काढून टाका (नातवंडं बरोबर नाहीत ना?) आणि क्योटोला एकाच हॉटेलात पाच रात्री राहा, तिथून देवळांचं नारा लोकल ट्रेनने पाऊण तासावर आहे, किल्ल्याचं हिमेजी बुलेट ट्रेनने तासाच्या आत. नोव्हेंबरच्या शेवटी मेपलची पानं लालभडक झालेली असतात, म्हणजे तुमची वेळ उत्तम आहे, फक्त गर्दी प्रचंड.

आता एकच जागा बघायची असं कोणी मला म्हटलं तर मी क्योटोतलं सान्जुसान्गेन्दो हे देऊळ सांगेन. बाहेरून काहीच वाटत नाही, लांबलचक लाकडी पडवी, साधारण १२० मीटर. आत शिरलं की अंधुक उजेडात सोनेरी कान्नोनच्या (आपला अवलोकितेश्वर) १००१ मूर्ती ओळीत उभ्या, माणसाच्या उंचीच्या, मधे एक मोठी बसलेली. १२४९ साली आग लागली तेव्हा यातल्या १२४ मूर्ती लोकांनी बाहेर काढून वाचवल्या, बाकीच्या नंतर घडवल्या. सगळे लोक त्या हजार मूर्ती बघत पुढे सरकतात, तुम्ही मात्र पुढच्या रांगेतले २८ रक्षक बघा, कारण ते सगळे आपल्या ओळखीचे निघतात. नारायण आहे, महेश्वर आहे, ब्रह्मदेव आहे, इंद्र आहे, काठी टेकलेला एक म्हातारा ऋषी आहे आणि गरुड आहे, चोच आणि पंखवाला, चक्क बासरी वाजवतोय. डोळ्यांत स्फटिक बसवलेत त्यामुळे आपण हललो की तेही बघताहेत असं वाटतं. मी त्या गरुडापुढे इतका वेळ उभी होते की मागच्या आजींनी खांद्याला हात लावून बाजूला केलं. फोटो काढायला मनाई आहे, ते एका अर्थी बरंच.

तोजी नावाचं देऊळ स्टेशनजवळच आहे, तिथला पाच मजली लाकडी पॅगोडा जवळजवळ ५५ मीटर उंच, पण खरा माल शेजारच्या सभागृहात, सन ८३९ चा २१ मूर्तींचा समूह. त्यात ब्रह्मदेव चार हंसांवर आणि इंद्र हत्तीवर. पाटी वाचायची गरजच नाही, वाहनावरून देव ओळखायची सवय आपल्याला लहानपणापासून असते.

निजो किल्ल्यात फळ्यांवर पाय पडला की चिमणीसारखं चिवचिवतं, खालचे लोखंडी खिळे आणि पट्ट्या घासतात म्हणून. मारेकरी आला की कळावं यासाठी केलंय असं सांगतात. खरं महत्त्व वेगळंच, १८६७ मध्ये शेवटच्या शोगुनने (सम्राटाच्या नावाने राज्य चालवणारा सेनापती) सत्ता सोडतो हे इथेच जाहीर केलं. फुशिमी इनारीच्या देवळात मात्र पहाटे सहाला जा, तिकीट नाही, बंद होत नाही, नऊनंतर चेंगराचेंगरी. त्या हजारो लाल कमानी खालून वर चढताना कोऱ्या दिसतात, उतरताना बघितलं की प्रत्येकीवर देणगीदाराचं नाव आणि तारीख, बहुतेक दुकानं आणि कंपन्या. आपल्याकडे देवळातल्या फरशीवर आणि पंख्यावर नावं असतात, तसंच.

आणि काकू, जाड मोजे घ्या, भोक नसलेले. दिवसातून दहादा बूट काढावे लागतात आणि नोव्हेंबरात लाकडी फरशी बर्फासारखी गार असते.

मी पुण्याचा, दर रविवारी गडावर असतो. व्हिडिओ बघितले तर जपानमधलं सगळं नंतर बांधलेलं वाटतं. ओसाका किल्ल्यात लिफ्ट आहे म्हणे! मग खरं जुनं काय बघायचं?

लिफ्ट आहे, खरंय. ओसाकाचा तो बुरूज १९३१ चा काँक्रीटचा आहे, आत म्युझियम. तिथे वेळ घालवू नकोस, हिमेजीला जा. तो मुख्य बुरूज १६०९ चा, म्हणजे महाराजांच्या जन्माच्या २१ वर्षं आधीचा, लाकडी आणि वरून पांढरा गिलावा. तुझ्यासारख्याला तिथे मजा येईल, कारण तटाच्या भिंतींत आपल्यासारख्या जंग्या आहेत, उभ्या लांबट त्या बाणांसाठी, गोल, त्रिकोणी आणि चौकोनी त्या बंदुकांसाठी. बुरूज समोर दिसत असतो पण वाट तुला वळसे घालून उलट दिशेला नेते, गोमुखी दरवाजाचीच अक्कल, फक्त इथे ती टेकडीभर पसरलीय. जिने शिडीसारखे उभे, बूट पिशवीत घालून हातात धरून चढायचे.

पण तुझा प्रश्न त्याहून खोल आहे. हिमेजीच्या आत दोन आख्खे खांब तळघरापासून थेट वरच्या मजल्याच्या बुडापर्यंत गेलेत, प्रत्येकी साधारण २५ मीटर. विसाव्या शतकात किल्ला उलगडून दुरुस्त केला तेव्हा त्यातला पश्चिमेचा खांब बदलावा लागला. मग किल्ला नवा झाला का? आपल्याकडे दगड आहे, पडला तरी दगडच राहतो, म्हणून आपल्याला पडका बुरूज खरा वाटतो. लाकूड कुजतं, जळतं, तर तिकडे जपतात ती रचना आणि सुताराचा हात. इसेचं देवस्थान बघ, दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत हुबेहूब नवं देऊळ बांधतात आणि जुनं उतरवतात, २०१३ मध्ये ६२ व्यांदा झालं, आता २०३३ ला. पुरीला जगन्नाथाचं नवकलेवर करतात, म्हणजे जुन्या लाकडी मूर्तींच्या जागी नव्या, त्यातलंच. इसेचं दर्शन मात्र नाममात्र, कुंपणापलीकडे शाकारलेलं छप्पर तेवढं दिसतं, निराश होऊ नकोस. किन्काकुजी, ते सोन्याचं देऊळ, १९५० मध्ये एका तरुण भिक्षूनेच जाळलं, आजचं १९५५ चं आहे. मला स्वतःला ते फार भावलं नाही, पोस्टकार्ड बघितल्यासारखं वाटलं.

आणि तरीही तुला खरंखुरं जुनं लाकूडच हवं असेल तर नाराजवळचं होर्युजी देऊळ बघ. जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारतींत तिची गणना होते, खांब मधे फुगीर, हात लावावासा वाटतो (लावू नकोस). इथल्या सभागृहात सातव्या शतकाच्या शेवटची भित्तिचित्रं होती, ज्यांची तुलना कायम अजिंठ्याच्या पद्मपाणीशी होते. चित्रांच्या नकला करण्याचं काम चालू असताना २६ जानेवारी १९४९ ला आग लागली आणि ती होरपळली. त्या धक्क्यातून पुढच्याच वर्षी जपानने वारसा जपण्याचा कायदा केला. आज भिंतींवर नकला आहेत. अजिंठा बघून ये आणि मग तिथे उभा राहा, काय हातचं गेलं ते कळेल.

जाता जाता, हिमेजीच्या पुढे बुलेट ट्रेनने ओकायामा लागतं. सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेला असशीलच, ते ज्या बागेवरून केलंय ती कोराकुएन तिथेच आहे, १७०० साली पूर्ण झालेली.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

होतात. मासा दिसत नाही पण असतो, सूपमध्ये, नूडल्सच्या रश्श्यात, भाजीच्या उकळीत सुद्धा, कारण दाशी नावाचं जे मूळ पाणी असतं ते बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचं. ‘मांस नाही’ एवढं सांगून भागत नाही. यावर माझा उपाय म्हणजे कोयासानला एक रात्र. ८१६ साली कुकाई नावाच्या साधूने वसवलेलं हे डोंगरावरचं देवळांचं गाव, ओसाकाच्या नाम्बा स्टेशनातून ट्रेन आणि वर केबल कार. पन्नासच्या वर देवळांत राहायची सोय आहे आणि जेवण पूर्ण शाकाहारी, रस्सा समुद्री शेवाळाचा आणि मशरूमचा. तिळाचा तोफू मिळतो, तो सोयाबीनचा नसतोच, तोंडात विरघळतो. स्वस्त नाही, आधीच सांगते.

सकाळी ओकुनोइन या तिथल्या दफनभूमीतून चाला, दोन किलोमीटरची वाट, उंच देवदारांसारख्या झाडांतून, दोन्ही बाजूंना दोन लाखांवर समाध्या, सरदारांच्या, सामान्यांच्या, कंपन्यांच्या, एक तर वाळवी मारणाऱ्या संघटनेने मेलेल्या वाळवीसाठी उभारलेली! शेवटी कुकाईचं स्थान. ८३५ मध्ये ते गेले असं तिथे कोणी म्हणत नाही, ध्यानाला बसलेत म्हणतात, आणि भिक्षू रोज दोनदा त्यांच्यासाठी जेवण नेतात. आळंदीच्या माणसाला संजीवन समाधी समजावून सांगायला नको.

जेआर पास घ्यावा का?

बहुतेकांनी नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये परदेशी पर्यटकांसाठीचा हा सात दिवसांचा रेल्वे पास २९,६५० वरून ५०,००० येन झाला. टोकियो-क्योटो एका बाजूचं तिकीट १४,००० च्या आसपास पडतं, गणित तुम्हीच करा.

तिकडे गणपती आहे असं ऐकलं, खरं का?

खरं. नाव कांगितेन किंवा शोतेन. टोकियोत आसाकुसाचं मोठं देऊळ बघून झालं की दहा-पंधरा मिनिटं चालत मात्सुचियामाला जा, छोटी टेकडी आहे, गर्दी नाही. मूर्ती दिसणार नाही, ती कायम बंद ठेवलेली असते. नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा, दगडावर, दारावर, सगळीकडे मुळेच कोरलेत. मोदकही आहे बरं का, पण क्योटोत, गिओनमधल्या एका जुन्या मिठाईच्या दुकानात, तिळाच्या तेलात तळलेली पुरचुंडी, आत लाल चवळीसारख्या डाळीचं गोड पुरण, थेट आपला तळणीचा मोदकच, फक्त नारळ नाही.

मुळा देवळातच विकत मिळतो, आणि देवापुढचे मुळे नंतर लोकांना घरी न्यायला ठेवलेले असतात. हॉटेलच्या खोलीत त्याचं काय करायचं ते मला विचारू नका, मी माझा रिसेप्शनवरच्या बाईंना देऊन टाकला.