पोरगी म्हणते, कार्टूनवालं करिअर करायचं

"मॅडम, तुम्हीच समजवा हिले, कार्टूनवर कोणाचं घर चालते का?" नागपूरच्या इतवारीत स्टेशनरीचं होलसेल दुकान असलेले एक बाबा बारावीतल्या पोरीला घेऊन आले होते. तिला चित्रकार नाही, प्रोड्यूसर व्हायचं होतं, म्हणजे मुलांचे शो काढायचे आणि त्यातल्या कॅरेक्टरच्या बॅगा, डबे, खेळणी बाजारात आणायची. हाच प्रश्न हल्ली बरेच पालक विचारतात म्हणून लिहितेय.

खरं सांगते, मीही "आधी बी.कॉम. कर, मग बघू" असंच म्हणणार होते. पण पोरीने बॅगेतून दोन कंपास काढून टेबलावर ठेवले, दोन्हीवर छोटा भीम, एकावर होलोग्रामचं स्टिकर, दुसऱ्यावर काहीच नाही. "बाबा, हा स्टिकरवाला महाग का?" "अगं तो लायसनवाला." बोलले आणि स्वतःच गप्प झाले.

तोच तर धंदा आहे ना काका, म्हटलं. भीम हैदराबादच्या ग्रीन गोल्ड स्टुडिओचा, 2008 पासून टीव्हीवर. कंपास बनवणारा वेगळा, तो भीम वापरायच्या बदल्यात स्टुडिओला त्याच्या विक्रीवर ठराविक टक्के रॉयल्टी देतो, बरेचदा कमीत कमी इतके तर देईनच असं आधीच कबूल करून. हे सगळं जुळवायचं, बजेट, आवाजवाले, चॅनलची तारीख सांभाळायची, ते प्रोड्यूसरचं काम. तारीख चुकली तर काय होतं? 1977 च्या ख्रिसमसला स्टार वॉर्सची खेळणी तयारच नव्हती, तेव्हा केनर कंपनीने पुठ्ठ्याचं पाकीट आणि "खेळणी नंतर पाठवू" असं सर्टिफिकेट विकलं! लोकांनी घेतलंही, पण दरवेळी थोडीच घेतील.

पोरीला मात्र एक गोष्ट दोनदा सांगितली. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून कॅरेक्टर काढलं तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर, ते मालकाचं होतं. सही करायच्या आधी कागद वाच. तिच्या वहीत तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचं एक भारी कॅरेक्टर होतं, चाकं वाकडी, शिंगाला फुगा, म्हणून जास्तच काळजी वाटली.

बी.कॉम. चालेल, लॉ पण चालेल, पण सोबत कुठल्यातरी स्टुडिओत प्रॉडक्शन असिस्टंटची इंटर्नशिप हवीच, आणि त्यासाठी बहुतेक मुंबई नाहीतर हैदराबाद गाठावं लागेल, सुरुवातीचा पगार बेताचाच. हे ऐकून आई असती तर रडली असती, बाबा नाही रडले. निघताना त्यांनी बिनस्टिकरचा कंपास हळूच खिशात टाकला. पोरगी हसत म्हणाली, "मॅडम, दोन्ही आमच्याच दुकानातले."